हरीरा : ‘पारंपरिक’ म्हणजे किती जुने?

१/ मोरोक्कोत रमजानचा रोजा सोडताना खजुरासोबत हरीऱ्याचा वाडगा पुढे येतो. घरी करणे सोपे : रात्रभर भिजवलेले काबुली चणे, मसूर, कांदा, कोथिंबीर, सुंठ, दालचिनी आणि भरपूर टोमॅटो शिजवावेत; शेवटी पाण्यात कालवलेले पीठ लावून दाट करावे.

२/ यातील मसूर आणि हरभरा ही पश्चिम आशियातील हजारो वर्षांची पिके. टोमॅटो मात्र अमेरिका खंडातला. १४९२ नंतरच तो अटलांटिकपार आला. अर्थात, आजचा लाल हरीरा त्यापूर्वी असणे अशक्य.

३/ मग तो अस्सल नव्हे? आपल्या ठेच्यातील मिरचीही त्याच खंडातली. परंपरा पाहुण्याला घरचा करते आणि त्याच्या आगमनाचा काळ विसरते. तो काळ शोधणे हे इतिहासाचे काम.