शेअर मॅनिया, मुंबईचा (१८६३–६५)

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या तेजीतून मुंबईत उसळलेली सट्टेबाजी व तिची १८६५ मध्ये झालेली पडझड.

कारणे : उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व मागणी गुजरात, खानदेश, वऱ्हाडाकडे वळली. या वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा ७ ते ८ कोटी पौंड जादा मिळाले, असा अंदाज आहे. गाद्या उसवून त्यांतला कापूस विकला गेल्याचेही सांगतात. हा पैसा शेअरांत शिरला. जानेवारी १८६५ पर्यंत शहरात ३१ बँका, २० विमा कंपन्या व ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरवर ५०,००० रुपयांपर्यंत चढा भाव मिळाल्याची नोंद आढळते.

बँक ऑफ बॉम्बे : स्थापना १८४०, सरकार स्वतः भागीदार. मूळ कायद्यात शेअर तारण घेऊन कर्ज देण्यास मनाई होती. १८६३ च्या १० व्या कायद्याने ती उठली आणि भांडवल ५२ लाख २५ हजारांवरून वाढत २ कोटी ९ लाखांवर गेले. मग एक शेअर गहाण टाकायचा, त्या कर्जातून दुसरा घ्यायचा, तोही गहाण टाकायचा, असे चक्र सुरू झाले. भाव चढता असेतो तारण भक्कम दिसे; भाव उतरताच कर्ज आणि तारण दोन्ही एकदम बुडत. शेअरबाजारातील त्या काळचे सर्वांत वजनदार दलाल प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा बँकेच्या कारभारावर मोठा प्रभाव होता. त्यांच्या वैयक्तिक जबाबदारीविषयी एकमत नाही. शिखरावर २,८५० रुपयांना गेलेला बँकेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने १८६३ च्या कायद्याला मुख्य दोष दिला. बँकेच्या सचिवांनी अधिकारांचा केलेला गैरवापर व संचालकांची हयगय हे दोषही नोंदवले. सट्टेवाल्यांच्या हव्यासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ठेवीदारांचे रक्षण करणारी कडी कायद्यानेच काढली होती, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब होय.

पडझड : ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले, युद्ध संपत आले व कापसाचे भाव कोसळले. शेअरांचे मोठे वायदे १ जुलैला पुरे व्हायचे होते. चढ्या भावाने माल उचलण्याचा शब्द दिलेल्यांकडे पैसा नव्हता, आणि त्यांच्याकडून यायच्या पैशावर ज्यांचे देणे अवलंबून होते तेही बुडाले. एकाच्या दिवाळ्यातून दुसऱ्याचे दिवाळे निघत गेले. तडजोडी सुकर व्हाव्यात म्हणून १८६५ चा २८ वा कायदा करण्यात आला.

परिणाम : बॅक बेसह बहुतेक कंपन्या बुडाल्या. मुंबईतील नामांकित डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचीही संपत्ती यात गेली. शहराची लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. मात्र दोन्ही गणना एकाच पद्धतीच्या नसल्याने सगळी घट मंदीमुळे मानता येत नाही. प्रेमचंद यांनी तेजीच्या काळात मुंबई विद्यापीठास दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. दलालांची रीतसर संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली.

शेतकरी : सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांशी या मंदीचा संबंध कितपत, याबाबत मतभेद आहेत.

पहा : दख्खनचे दंगे, प्रेमचंद रायचंद, मुंबई शेअरबाजार.