प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ आणि त्यांच्या सहवासात राहणारे अन्य अपृष्ठवंशी प्राणी व मासे यांच्या संगोपनासाठी उभारलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय होय. साध्या सागरी मत्स्यालयात मासे मुख्य असतात आणि खडक, वाळू ही सजावट असते. प्रवाळ मत्स्यालयात हा क्रम उलटा होतो. येथे पाणी, प्रकाश व प्रवाह यांची योजना प्रवाळांच्या गरजेनुसार केली जाते आणि त्या व्यवस्थेला झेपतील तेवढेच मासे ठेवले जातात. गेल्या चार दशकांत या छंदाच्या पद्धती मोठ्या प्रमाणावर बदलल्या आहेत. त्यामुळे पूर्वी सागरी मासे पाळलेल्या आणि दीर्घ खंडानंतर या छंदाकडे परतणाऱ्या व्यक्तीला नवे शिकावे लागते आणि जुन्यापैकी बरेचसे विसरावेही लागते.

संज्ञा

मराठीत प्रवाळासाठी ‘पोवळे’ हा शब्द रूढ असला, तरी दागिन्यांतील लाल पोवळे आणि मत्स्यालयातील प्रवाळ एक नव्हेत. रत्न म्हणून वापरले जाणारे पोवळे कोरॅलियम या प्रजातीच्या प्राण्याचा सांगाडा असून तो प्राणी मंद प्रकाशाच्या, बहुधा खोल पाण्यात वाढतो. मत्स्यालयात ठेवले जाणारे बहुतेक प्रवाळ उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ व सूर्यप्रकाशित पाण्यातले असतात. ‘जिवंत खडक’ हा छंदातील आणखी एक शब्द फसवा आहे. खडक स्वतः जिवंत नसतो. तो मृत प्रवाळांच्या सांगाड्याचा सच्छिद्र तुकडा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर व छिद्रांत जीवाणू, शैवाल, कृमी आणि स्पंज राहत असतात.

प्रवाळांचे जीवन

प्रवाळ हे प्राणी आहेत, वनस्पती नव्हेत. मात्र प्रवाळभित्ती बांधणाऱ्या बहुतेक जातींच्या ऊतींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा यजमान प्राण्याला देते. त्या बदल्यात त्याला आसरा आणि प्राण्याच्या चयापचयातून सुटणारी पोषकद्रव्ये मिळतात. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला, तर हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रात ज्याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात, तेच घरच्या काचेच्या टाकीतही घडते, फक्त लहान प्रमाणावर आणि बहुधा वेगाने.

छंदात प्रवाळांचे ढोबळ तीन गट करतात. मृदू प्रवाळांना अखंड दगडी सांगाडा नसतो. ‘लेदर कोरल’ म्हणून ओळखला जाणारा सार्कोफायटन आणि झेनिया हे त्यांपैकी. जीवशास्त्रीय दृष्ट्या वेगळे असलेले डिस्कोसोमा व झोअँथिड हेही व्यवहारात याच गटात मोजले जातात. युफायलियासारखे मोठ्या पॉलिपांचे दगडी प्रवाळ मध्यम कठीण, तर अ‍ॅक्रोपोरा व माँटिपोरा यांसारखे लहान पॉलिपांचे दगडी प्रवाळ सर्वांत चोखंदळ मानले जातात. नवशिक्याने पहिल्या गटापासून सुरुवात करावी, हा सल्ला जुना असला तरी योग्य आहे.

इतिहास

बंदिस्त पाण्यात दगडी प्रवाळ जगवण्याचा लिखित इतिहास इंग्लंडमधील अ‍ॅना थिन यांच्यापर्यंत मागे जातो. त्यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणून जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतले जाई. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उष्ण कटिबंधीय प्रवाळांच्या बाबतीत खरी वाट दाखवली ती जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली. समुद्रातून आणलेले खडक व वाळू, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांची टाकी चाले. तिच्याकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही. प्रचलित कल्पनेप्रमाणे टाकी निर्जंतुक व लखलखीत असली पाहिजे होती. तळाच्या खडीखालून पाणी ओढणारी गाळणी वापरत आणि मृत प्रवाळांचे पांढरे सांगाडे शोभेला ठेवत.

१९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत ‘लहान प्रवाळभित्ती’ची कल्पना लोकप्रिय झाली. त्यांच्या पद्धतीत पाणी प्लॅस्टिकच्या गोळ्यांसारख्या माध्यमावरून ठिबकत जाई. हे माध्यम अमोनियाचे रूपांतर झपाट्याने करी. पण शेवटी उरणारे नायट्रेट पाण्यातच साठत राही. त्याच सुमारास बर्लिनमधील छंदिष्टांनी वेगळा मार्ग धरला होता. भरपूर जिवंत खडक, जोरदार प्रथिन-निष्कासक म्हणजे प्रोटीन स्किमर, तीव्र प्रकाश आणि कॅल्शियमची भरपाई ही ‘बर्लिन पद्धती’ची अंगे होत. पीटर विल्केन्स यांनी कॅल्शियमसाठी वापरलेला उपाय मराठी वाचकाला चांगलाच परिचित आहे. ती चुन्याची निवळी होती! मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली स्थिर पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट कमी करण्याची पद्धत विकसित केली. डेलबीक व स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’चा पहिला खंड १९९४ मध्ये आला आणि विखुरलेले हे अनुभव एका ठिकाणी उपलब्ध झाले.

पाणी

प्रवाळ मत्स्यालय चालवणे म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळणे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि विशेषतः तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असल्याने प्रथम ते व्युत्क्रम परासरण व आयन-विनिमय यांनी जवळजवळ शुद्ध करतात आणि मग त्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळतात. स्वयंपाकाचे मीठ येथे निरुपयोगी असते, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी घटक योग्य प्रमाणात नसतात. लवणता दर हजारी ३५ भाग, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, इतकी ठेवतात. टाकीतून केवळ पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट खाऱ्या पाण्याने नव्हे तर शुद्ध गोड पाण्याने भरून काढावी लागते. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक घडणारी चूक ती हीच.

तापमान साधारण २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम हे सर्वसाधारण लक्ष्य असते. यांत अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता, सर्वांत चंचल व म्हणून सर्वांत महत्त्वाची असते. दगडी प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम व कार्बोनेट ठराविक प्रमाणात उचलतात: लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते तेव्हा अल्कलिनिटी जर्मन मापाने सुमारे २.८ अंशांनी उतरते. ती ७ ते ९ अंशांच्या दरम्यान कुठेही ठेवली तरी चालते. ती आज ७ आणि परवा १० झाली तर मात्र प्रवाळांची टोके जळू लागतात. नेमक्या आकड्यापेक्षा स्थैर्याला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट पुस्तकातून कळायला सोपी आणि टाकीपुढे उभे राहून पाळायला अवघड असते.

छंदाकडे परतताना

दीर्घ खंडानंतर परतणाऱ्याचे जुने ज्ञान सर्वस्वी वाया जात नाही. नायट्रोजन चक्र तेच आहे. विष्ठा व अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया, त्याचे जीवाणूंकडून नायट्राइट, मग नायट्रेट हा क्रम स्थिर होण्यास आजही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बदलला आहे तो मार्ग. पूर्वी चिवट डॅमसेल मासे सोडून हे चक्र सुरू करीत. त्यातले काही मरत, उरलेले पुढे टाकीत दांडगाई करीत. आता माशांऐवजी मोजून अमोनिया व जीवाणूंचे मिश्रण घालतात. जुनी पद्धत क्रूर होती, आणि आता तर ती अनावश्यकही ठरली आहे.

खडकांतही फरक पडला आहे. समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाऐवजी कोरडा किंवा मानवनिर्मित खडक वापरण्याकडे कल आहे. त्यातून उपद्रवी कृमी-खेकडे येत नाहीत. परंतु त्याचा पृष्ठभाग जैविकदृष्ट्या रिकामा असल्याने पहिले काही महिने त्यावर तपकिरी थर, लाल चिकट पापुद्रे आणि केसाळ शेवाळ यांचे एकामागून एक राज्य येते. परतलेला छंदिष्ट या टप्प्यावर घाबरून औषधांचा मारा करतो. बहुधा पाणी बदलत राहणे, शेवाळ हाताने काढणे व गोगलगायी सोडणे पुरते.

सर्वांत अवघड विस्मरण पोषकद्रव्यांबाबतचे आहे. नायट्रेट व फॉस्फेट शून्य असावेत, ही पूर्वीच्या पिढीची शिकवण. आजची साधने ते खरोखर शून्यावर आणू शकतात आणि मग प्रवाळ फिके पडून उपाशी राहतात, तसेच मोकळ्या झालेल्या जागेत विषारी डायनोफ्लॅजेलेट फोफावू शकतात. म्हणून आता नायट्रेट लिटरमागे सुमारे २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राहू देतात.

उपकरणांविषयी थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच: धातू-हॅलाइड दिव्यांची जागा एलईडीने घेतली, त्यामुळे वीज व उष्णता कमी झाली, तरंगत्या काट्याच्या घनतामापकाऐवजी रिफ्रॅक्टोमीटर आला, आणि बाष्पीभवनाची भरपाई व क्षारांची मात्रा स्वयंचलित पंपांकडे गेली. नवे एलईडी दिवे पहिल्याच दिवशी पूर्ण तीव्रतेने लावल्यास प्रवाळ भाजून निघतात. तीव्रता काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात.

माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पूर्वीसारखाच आहे. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळांना मारक असल्याने ते मुख्य टाकीत वापरता येत नाही. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवणे हाच व्यवहार्य उपाय होय. रोग शिरलाच तर सर्व मासे बाहेर काढून मुख्य टाकी सुमारे अडीच महिने मासेविरहित ठेवावी लागते.

प्राण्यांचे मूळ

समुद्रातून पकडलेल्या शोभिवंत माशांच्या व्यापाराला काळी बाजू आहे. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारले जाऊ लागले. त्याने मासा हाती लागे, भोवतीचे प्रवाळ मात्र मरत. आज क्लाउनफिशच्या अनेक जाती संवर्धन केंद्रांत वाढवल्या जातात. पिवळा टँग हा अत्यंत लोकप्रिय मासा बंदिस्त स्थितीत वाढवण्यात हवाई येथील ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५ मध्ये यश आले. प्रवाळांचे तर तुकडे कापून नव्या वसाहती वाढवता येतात. अशा तुकड्याला छंदात ‘फ्रॅग’ म्हणतात.

धोके

काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ प्रजातीत, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे प्राणी चिकटलेला खडक उकळल्यास किंवा घासल्यास विष हवेत मिसळून घरातील सर्व माणसे आजारी पडू शकतात. म्हणून खडक कधीही उकळू नये. काम करताना हातमोजे व चष्मा वापरावा. हातावरील जखमेतून मायकोबॅक्टेरियम मरिनम या जीवाणूचा संसर्ग होऊन त्वचेवर न भरणाऱ्या गाठी येतात. डॉक्टरांना आपण मत्स्यालय बाळगतो हे न सांगितल्यास निदान लांबते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतात प्रवाळभित्ती मुख्यतः लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात व कच्छचे आखात येथे आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या परिसरात प्रवाळ आढळतात. तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या प्रवाळमय उंचवट्याला कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून आंग्रिया बँक हे नाव पडले आहे.

२००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्यांना आहे. किनाऱ्यावरून किंवा समुद्रतळातून प्रवाळ उचलणे, विकणे वा टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. समुद्री घोडे व समुद्री काकड्या यांनाही हेच लागू होते. सहलीहून आठवण म्हणून आणलेला मृत प्रवाळाचा तुकडाही यातून सुटत नाही, याची जाणीव अनेकांना नसते. दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत. त्यामुळे येथील छंदिष्टाला मानवनिर्मित खडक, संवर्धित मासे आणि ज्यांच्या मुळाची कागदपत्रे दाखवता येतात असे प्राणी यांवरच आपली टाकी उभी करावी लागते. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनफिशच्या संवर्धनाचे तंत्र विकसित केले आहे.

हवामानाची अडचण वेगळीच. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात बंद घरातील पाणी सहज ३० अंशांवर जाते. पंख्याने बाष्पीभवन वाढवून दोन-तीन अंश उतरवता येतात, पण दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो आणि शीतकयंत्र घ्यावे लागते. भारनियमनाच्या काळात पंप थांबले की काही तासांत पाण्यातील प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप त्यासाठी हाताशी ठेवतात.

मुंबईत १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात शालेय सहलींच्या अनेक पिढ्यांनी सागरी मासे प्रथम पाहिले. शहराच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यातही, दगडी प्रवाळांच्या लहान वसाहती तग धरून आहेत. किनारी रस्त्याच्या बांधकामाच्या वाटेत आलेल्या वरळी व हाजीअली येथील अशा काही वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या.