पंगतीकडून ताटलीकडे : वडाळा-नायगावच्या खोल्यांतली दिवाळी

वडाळ्याला एकच एक चेहरा नाही. एका अंगाला नायगावच्या बीडीडी चाळी, माटुंग्याच्या बाजूला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेले रुंद रस्ते आणि पाच बागा, पूर्वेला पोर्ट ट्रस्टच्या वसाहती, रेल्वेचे रूळ आणि मिठागरे. गेल्या शंभर वर्षांत या पट्ट्यात हजारो कुटुंबांनी मुंबईतले आपले पहिले बिऱ्हाड थाटले. या घरांचा इतिहास लिहिताना भाडे, पागडी आणि क्षेत्रफळ यांची नोंद होते. पण घर आपले झाले, हे माणसाला नेमके कधी कळते? बहुधा तो पहिल्यांदा कुणाला तरी ‘दिवाळीला घरी या’ म्हणतो तेव्हा. हे आमंत्रण गिरणगावात कसे शक्य झाले आणि त्याला पंगतीऐवजी फराळाचे रूप का आले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभी आमंत्रण देणाराच घरात नव्हता. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ बायका होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून येई, गाववाल्यांबरोबर एका खोलीत वळकटी टाकी आणि खाणावळीत जेवे. खाणावळवाली बाई बहुधा त्याच्याच मुलखातली असे आणि महिन्याचा हिशेब पगाराला चुकता होई. शहरात तो पैसे मोजून जेवणारा होता. कुणाला जेवायला बोलवावे, असे त्याचे स्वतःचे ताटच नव्हते.

त्यातही कोकणातल्या माणसाची रजा गणपती आणि शिमग्याला खर्च होई. बोटीने गावी जायचे ते या दोन सणांना. दिवाळीत तो बहुधा मुंबईतच असे. त्याच्या गावाकडे दिवाळी म्हणजे पक्वान्नांची पंगत नव्हतीच. दक्षिण कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडायचे आणि नव्या भाताच्या पोह्यांचे नाना प्रकार करून एकमेकांच्या घरी खायला जायचे, ही रीत. थोडे थोडे, पण दहा घरी खायचे, ही सवय तो बरोबर घेऊन आला होता. पुढे खोलीत ती उपयोगी पडली.

खोली आली ती सरकारी योजनेतून. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२०मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यांतल्या ४२ नायगावच्या. तीन मजली इमारत, चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. सुरुवातीला भाडे परवडेना आणि काँक्रीटच्या कोंदट खोल्या आवडेनात, म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. त्याच खोल्यांना पुढे चार-चार पिढ्या चिकटून राहिल्या.

या खोलीत पंगत मांडून पाहू. मोरी, चूल, पाण्याची पिंपे, ट्रंका आणि वळकट्यांची चळत वगळली, तर मोकळी जमीन शंभर चौरस फूटही उरत नाही. पाट, पान आणि वाढणाऱ्याला चालायला वाट धरली, तर माणशी आठ-दहा चौरस फूट लागतात. म्हणजे एका वेळी फार तर दहा माणसे, तीही घरच्यांनी बाहेर गॅलरीत उभे राहायचे ठरवले तर. शिवाय गिरणी दोन-तीन पाळ्यांत चाले. एक पाहुणा कामावरून येणार, दुसरा निघणार. सगळ्यांनी एका वेळी बसावे अशी वेळच चाळीच्या दिवसात नव्हती. गावची पंगत या खोलीत मावत नव्हती आणि या घड्याळातही बसत नव्हती.

फराळ मात्र दोन्हींत बसला. ‘फलाहार’ या शब्दावरून आलेले हे नाव मूळचे उपासाच्या खाण्याचे. चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू डब्यात आठ-पंधरा दिवस टिकतात, कुठल्याही वेळी पुढे ठेवता येतात, उभ्याने खाता येतात आणि रुमाल टाकून शेजारच्या दारात पोचवता येतात. पाहुणा येईल तेव्हा त्याची दिवाळी होते.

याला आणखी एक बाजू आहे. भात-वरणाच्या पंगतीला सोवळ्याचे आणि जातीचे नियम कडक होते. तळलेल्या कोरड्या पदार्थांना ते तुलनेने सैल होते. त्यामुळे जे शेजारी एका पंगतीला बसले नसते, त्यांच्यात ताटलीची देवघेव होऊ शकली. पण हे चित्र गोड करून सांगू नये. चाळी बऱ्याचदा गाववार आणि जातवार भरत आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीपर्यंत ताटली सहसा पोचत नसे. अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकर सहभोजनाची चळवळ चालवावी लागली, ती याच मुंबईत. एकत्र बसून जेवणे हा प्रश्न फराळाने सोडवला नाही. तो फक्त थोडा बाजूला ठेवला.

ताटली भरण्याचे काम बायकांचे. गावात हे काम सासू-जावांमध्ये वाटले जाई. चाळीतल्या नव्या बिऱ्हाडात सासू गावी आणि आई त्याहून लांब. तिची जागा शेजारणींनी घेतली. आज हिच्या करंज्या, उद्या तिच्या चकल्या. सोऱ्या एकीचा, मोठी कढई दुसरीची. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाल्यावर साखरेचा हिशेब आधी जमवावा लागे. ही शिकवणी तोंडी होती. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले, त्यात मापे वाटी-चमच्याची होती. ते घराघरांत गेले याचे एक कारण उघड आहे : हाताशी वडीलधारी बाई नसलेली, पहिलाच घाणा एकटीने तळणारी गृहिणी शहरात मोठ्या संख्येने तयार झाली होती.

आणि पैसा? दिवाळीचे यजमानपण बोनसवर टेकलेले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३चा बोनस नाकारला तेव्हा १९२४च्या जानेवारीत सार्वत्रिक संप झाला. सरन्यायाधीश मॅक्लिओड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क मानला नाही आणि संप फसला. १९५०मध्ये पुन्हा बोनससाठी दोन महिने संप झाला. १९६५च्या कायद्याने अखेर बोनस हक्क ठरला. १९८१च्या दिवाळीत बोनसवरूनच असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. १९८२ची दिवाळी संपातच आली. मालक बोनसला मेहेरबानी म्हणत आणि कामगार त्याला हक्क म्हणत. या वादात घरातली एक गोष्ट पणाला लागलेली असे. आलेल्या माणसापुढे ठेवायला डब्यात काही आहे की नाही, ही ती गोष्ट.

वडाळ्याच्या ट्रस्टच्या बाजूला वेगळे घर उभे राहत होते. तिथे कारकून, शिक्षक, दक्षिणेकडून आलेले नोकरदार यांच्यासाठी ‘ब्लॉक’ झाले : वेगळे स्वयंपाकघर, घरातच संडास-न्हाणी आणि बंद होणारे दार. बसायची खोली वेगळी झाली, तसा पाहुणाही ठरवून येऊ लागला. मांडी घालून किंवा टेबलाशी, पाच-सहा जणांना सावकाश जेवू घालणे ब्लॉकमध्ये जमले. चाळीत दार उघडे होते पण बसायला जागा नव्हती. ब्लॉकमध्ये जागा होती, पण आत यायला आमंत्रण लागे.

आता चाळीतली माणसे ब्लॉकच्या पुढच्या पायरीवर आली आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्या वर्षीची दिवाळी ही त्यांची नव्या घरातली पहिली दिवाळी. आता तिथे पंगत मांडता येईल, आणि ज्यांच्या आजोबांनी आयुष्य खाणावळीच्या पाटावर काढले त्यांनी ती जरूर मांडावी. मात्र शंभर वर्षे चाळीतली दिवाळी ज्यावर चालली, ते उघडे दार टॉवरच्या आराखड्यात येत नाही. ते ठेवायचे की नाही, हे तिथल्या प्रत्येक घराला स्वतः ठरवावे लागेल.