दुरुस्त्या बाकी होत्या

सप्टेंबर २०२०. नागपुरात कोरोना शिगेला पोचला होता. कॉलेजचा इतिहासाचा संशोधन-अंक आम्ही विद्यार्थीच काढायचो. ग्रंथालय बंद, छापखाना बंद. नंदनवनातल्या घरी बसून मी मोबाइलवरच लेख तपासत होतो.

एक लेख १८९७च्या प्लेगवर होता. त्या वर्षी 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, हे आपल्याला पाठ असतं. पण 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला मुंबईत प्लेगनंच गेले, हे मला माहीत नव्हतं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडलेला हा माणूस. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. साथीत संपादकही माणूसच असतो आणि लेखकही.

लेख लिहिणारी मैत्रीण मात्र दुरुस्त्या पाठवेना. मी रोज मेसेज टाकायचो, 'डेडलाइन गेली.' नवव्या दिवशी उत्तर आलं, 'बाबा ऑक्सिजनवर आहेत.'

लोखंडेंची तारीख मी तीनदा पडताळली होती. तिला मात्र 'कशी आहेस?' एवढंही विचारलं नव्हतं.

बाबा बरे झाले. अंक तीन महिने उशिरा, पीडीएफ म्हणून निघाला. उशिराचं कारण संपादकीयात मी जसंच्या तसं लिहिलं; माझ्या मेसेजांसकट.