आर्लिंग्टन रो

आर्लिंग्टन रो : इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील बायबरी गावची दगडी घरांची संरक्षित ओळ. मूळ इमारत १३८० च्या सुमारास मठाचे लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली. सतराव्या शतकात आत भिंती घालून तिच्यात विणकरांची बिऱ्हाडे केली. विणलेले कापड समोरच्या रॅक आइल या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळवीत.

भिंती कॉट्सवोल्ड टेकड्यांतल्या जुरासिक काळच्या चुनखडकाच्या आहेत. जवळून पाहिल्यास दगडात माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतात. खाणीतून काढलेला ताजा दगड मऊ असल्याने सहज घडवता येतो. वाऱ्यावर सुकला की टणक होतो.

या घरांची खरी कारागिरी छपरात आहे. कौले मातीची नसून चुनखडकाच्याच पातळ फरश्यांची असतात. फरशीच्या वरच्या टोकाला भोक पाडून त्यात ओकची खुंटी बसवतात आणि त्या खुंटीवर फरशी रिपेला टांगतात. वळचणीला सर्वांत मोठ्या फरश्या असतात. आढ्याकडे जाताना त्या ओळीगणिक लहान होतात. त्यामुळे जास्तीचे ओझे भिंतीजवळ राहते आणि जिथे पाण्याचा लोट मोठा, तिथे सांधे कमी येतात. दगड पाणी पितो, म्हणून पाखे चांगलेच उभे ठेवावे लागतात. नाहीतर मुरलेले पाणी थंडीत गोठून फरश्या फोडते. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्डचे खाणकामगार याच गोठण्याकडून काम करून घेत : ओला दगड ते हिवाळाभर उघड्यावर ठेवीत आणि बर्फ त्याचे थर सुटे करी.

इंग्रज कवी व कलावंत विल्यम मॉरिस याने बायबरीला इंग्लंडमधले सर्वांत सुंदर गाव म्हटले होते. जुन्या इमारती जपण्यासाठी त्याने १८७७ मध्ये स्थापन केलेली संस्था आजही दरजा चुन्यानेच भरण्याचा आग्रह धरते, आणि तो रास्तच आहे. सिमेंटमुळे ओल आत कोंडते. मग दरज शाबूत राहते आणि दगडच झडू लागतो.

आर्लिंग्टन रो आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीची असून संरक्षित इमारतींच्या यादीत पहिल्या श्रेणीत आहे. इंग्लंडमधल्या यादीतील जेमतेम अडीच टक्के वास्तूंना ही श्रेणी मिळाली आहे. अशा वास्तूचे रूप बदलणारे काम परवानगीशिवाय करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. घरांत आजही लोकांचे संसार आहेत. पाहायला जाणाऱ्यांनी पायवाट सोडून दारा-खिडक्यांशी जाऊ नये.