पूल हस्लर

पूल हस्लर : खिसे असलेल्या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या पूल ह्या बिल्यर्ड्‌झ-प्रकारात आपले खरे कौशल्य लपवून पैजेवर खेळणारा व त्यावरच उपजीविका करणारा खेळाडू. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे खेळाडू गावोगाव फिरत असत. त्यांतून अलिखित संकेतांनी बांधलेला त्यांचा एक वेगळा समाज निर्माण झाला.

‘पूल’ म्हणजे पैजेची सामाईक रक्कम. एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत. दोन शर्यतींमधील वेळ घालविण्यासाठी तेथे बिल्यर्ड्‌झची टेबले ठेवीत. त्यामुळे ते नाव खेळास चिकटले, असे सामान्यतः मानले जाते. पैज ही प्रतिष्ठित सामन्यांतही असे. १८५९ मध्ये डिट्रॉइट येथे मायकेल फेलन व जॉन सीराइटर यांच्यातील सामना १५,००० डॉलरांचा होता.

हस्लरची खरी कसोटी खेळापूर्वीच लागते. प्रतिस्पर्ध्यास किती गुणांची सवलत द्यावयाची, यावरील घासाघिशीतच डावाचा निकाल बव्हंशी ठरतो. म्हणून तो मुद्दाम सोपे फटके चुकवितो, थोडक्यात जिंकतो व पैज वाढवीत नेतो. जवळ पैसा नसल्यास तो भांडवल पुरविणारा पाठीराखा शोधतो. हरल्यास सर्व तोटा पाठीराख्याचा, जिंकल्यास नफा सामान्यतः निम्मानिम्मा, अशी वाटणी असते. प्रतिस्पर्ध्याशी संगनमत करून मुद्दाम हरणे व पाठीराख्यास फसविणे हाही ह्या व्यवहाराचाच एक भाग होता. मात्र कौशल्य लपविता येत असले, तरी ते अंगी असावेच लागते. ह्या दृष्टीने हस्लर हा निव्वळ ठगाहून वेगळा ठरतो.

दुसऱ्या महायुद्धकाळात नॉरफॉक (व्हर्जिनिया) ह्या आरमारी बंदरात खलाशांच्या हाती पैसा खेळत असल्याने तेथे नामांकित हस्लर जमले. नॉर्थ कॅरोलायनाचा ल्यूथर लॅसिटर (१९१८–८८) हा त्यांपैकी एक. १९६१ पासून जॉन्स्टन सिटी (इलिनॉय) ह्या लहानशा गावी जॅन्स्को बंधूंनी स्पर्धा भरविल्या. अधिकृत सामन्यांनंतर तेथे रात्रभर पैजेचे डाव चालत. १९७२ मध्ये केंद्र शासनाच्या अधिकाऱ्यांनी जुगाराबद्दल छापा घातल्याने त्या बंद पडल्या. सिसेरो मर्फी ह्या कृष्णवर्णी खेळाडूस वर्णभेदामुळे मोठ्या स्पर्धांचे दार दीर्घकाळ बंद होते. १९६५ मध्ये प्रवेश मिळताच त्याने जागतिक विजेतेपद मिळविले. तोवर त्याच्या गुणांना वाव होता, तो पैजेच्या टेबलावरच.

वॉल्टर टेव्हिसच्या द हस्लर (१९५९) ह्या कादंबरीवरील त्याच नावाच्या चित्रपटाने (१९६१) हे जीवन सर्वतोमुखी केले व ओस पडत चाललेल्या पूलगृहांत पुन्हा गर्दी झाली. रूडॉल्फ वॉन्डरोन (१९१३–९६) ह्या हस्लरने त्यातील ‘मिनेसोटा फॅट्स’ हे पात्र आपल्यावरूनच घेतले असल्याचा दावा करून ते नाव धारण केले. टेव्हिसने मात्र तो अमान्य केला. १९७८ मध्ये माजी जगज्जेता विली मॉस्कोनी याने दूरचित्रवाणीवरील सामन्यात वॉन्डरोनला हरविले.

समाजशास्त्रज्ञ नेड पॉल्स्की याने न्यूयॉर्कच्या पूलगृहांत प्रत्यक्ष वावरून ह्या समाजाचा अभ्यास केला (१९६७). अविवाहित पुरुषांच्या ज्या स्वतंत्र जगावर पूलगृहे उभी होती ते जगच ओसरल्याने हा व्यवसाय क्षीण झाला, असे त्याचे प्रतिपादन आहे.

हस्लरच्या जीवनातील मूळ विसंगती कीर्तीसंबंधीची होय. अन्य खेळाडू ज्या प्रसिद्धीसाठी झटतो, ती हस्लरची मिळकत बुडविते. १९८५ मध्ये फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस ह्यूस्टन येथील स्पर्धेत सीझर मोरालेस ह्या नावाने उतरला व जिंकला. तथापि त्यानंतर त्याची ओळख लपून राहिली नाही. दूरचित्रवाणी आणि पुढे आंतरजालावरील चित्रफिती यांमुळे निष्णात खेळाडूचा चेहरा दूरवर पोहोचू लागला व अनोळखी गावात अनोळखी राहण्याची हस्लरची मुख्य सोय बव्हंशी नष्ट झाली. [→ जुगार, बिल्यर्ड्‌झ].