विनापरवाना गुप्त शस्त्रवहन (अमेरिकेतील राज्यांचे कायदे)

विनापरवाना गुप्त शस्त्रवहन : भरलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर लपवून सार्वजनिक ठिकाणी वावरण्यासाठी परवान्याची अट न ठेवणारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांचे कायदे. गुप्त म्हणजे सदऱ्याखाली कमरेला, जाकिटाच्या खिशात किंवा पर्समध्ये, समोरच्याच्या नजरेस पडणार नाही असे. वृत्तपत्रांत या व्यवस्थेला ‘परमिटलेस कॅरी’ म्हणतात. समर्थकांना ‘कॉन्स्टिट्यूशनल कॅरी’ हे नाव आवडते. २०२४ मध्ये अशा राज्यांची संख्या ५० पैकी २९ झाली. टेक्सस, फ्लोरिडा, ओहायो आणि जॉर्जिया ही मोठी राज्ये त्यांत आहेत.

परवाना गेला म्हणजे सगळेच मोकळे झाले, असा समज भारतात बातम्या वाचताना सहज होतो. तो बरोबर नाही. शस्त्र कोणी बाळगू नये हे मुख्यतः संघराज्याचा १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट ठरवतो. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचाराची शिक्षा झालेले, अमली पदार्थांचे व्यसनी अशांना बंदी आहे आणि ती २९ राज्यांतही लागू आहे. न्यायालये, विमानतळावरील तपासणीपलीकडचा भाग अशा जागाही सर्वत्र वर्ज्य आहेत. बदलले ते एवढेच, पण ते फार मोठे आहे: शस्त्र घेऊन रस्त्यावर येण्याआधी त्या माणसाकडे एखाद्या अधिकाऱ्याने एकदा पाहावे, त्याला चार गोष्टी शिकवाव्यात, ही पायरी काढून टाकली गेली. दुकानातून बंदूक घेताना १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार गिऱ्हाइकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. ओळखीच्या माणसाकडून विकत घेतली तर संघराज्याचा कायदा ती तपासणी मागत नाही. ज्या राज्यात या खासगी व्यवहारावरही बंधन नाही आणि बाळगायला परवानाही नाही, तिथे खरेदीपासून रस्त्यापर्यंत वाटेत कोणीच उभे नसते.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचे स्वातंत्र्य पहिल्यापासून असेच होते, असे या कायद्यांचे समर्थक सांगतात. इतिहास तसा नाही. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क मान्य केला, पण केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये ती रद्द केली, तेव्हा १८५० च्या नव्या राज्यघटनेत लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला मुद्दाम देण्यात आला. त्या काळची नीतिकल्पना आजच्या उलट होती. सरळ माणूस शस्त्र उघड लावतो आणि लपवतो तो दगा देण्यासाठी, असे मानले जाई. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक न्यायालयांनी अशा बंदीला मान्यता दिल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या हेलर निकालात केली आहे.

याला जुना अपवाद व्हरमाँटचा. रटलंड शहराच्या नियमाप्रमाणे लपवलेले शस्त्र बाळगायला महापौर किंवा पोलीसप्रमुखाची परवानगी लागे. १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम पिस्तुलापुरता रद्दबातल ठरवला. दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूने शस्त्र बाळगणे हा तिथे गुन्हा आहे. नुसते बाळगणे हा नाही. व्हरमाँटने परवाना कधी दिलाच नाही, त्यामुळे तो रद्द करण्याचाही प्रश्न आला नाही. पुढे अनेक दशके हे छोटे, डोंगराळ राज्य एकटेच होते.

इतरत्र विसाव्या शतकात परवाना पद्धत रुळली. ती दोन प्रकारची होती. पहिल्या प्रकारात परवाना द्यायचा की नाही हे शेरीफच्या किंवा न्यायाधीशाच्या मर्जीवर असे. या मर्जीचा अर्थ काय होता हे अलाबामातील एका अर्जावरून कळते. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि तो फेटाळला गेला. परवाना पद्धतीबद्दल आस्था असणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये. अधिकाऱ्याच्या हाती निर्णय सोपवला की तो गोऱ्यांना एक आणि काळ्यांना दुसरा न्याय लावू शकतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो समर्थकांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा आहे.

त्या दोषावर उपाय निघालाही होता. परवान्याच्या दुसऱ्या प्रकारात अटी कायद्यातच लिहिलेल्या असतात. त्या पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो. फ्लोरिडाने १९८७ मध्ये असा कायदा केला आणि पाठोपाठ राज्यांची रांग लागली. टेक्ससमध्ये किलीन येथील खानावळीत १९९१ मध्ये २३ जणांची हत्या झाली. त्यानंतर १९९५ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना, तिथे अशा परवान्याचा कायदा झाला. मर्जीचा भाग गेला, तपासणी आणि शिक्षण राहिले. माझ्या मते ही व्यवस्था हक्क आणि जबाबदारी दोन्ही सांभाळणारी होती. तिच्यावर थांबता आले असते.

थांबले गेले नाही. २००३ मध्ये अलास्काने परवान्याची सक्ती काढली. २०१० मध्ये गव्हर्नर जॅन ब्रूअर यांच्या सहीने ॲरिझोना त्याच वाटेने गेले. २०१५ पासून वेग वाढला: कॅन्सस, मेन, आयडाहो, न्यू हॅम्पशायर, ओक्लाहोमा, केंटकी. वेस्ट व्हर्जिनिया आणि मिसूरी येथे गव्हर्नरचा नकाराधिकार विधिमंडळाने मोडून काढला. २०२१ मध्ये टेक्सस, २०२२ मध्ये ओहायो, इंडियाना आणि जॉर्जिया, २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि नेब्रास्का, आणि मार्च २०२४ मध्ये एकाच आठवड्यात लुइझियाना व दक्षिण कॅरोलायना. वयाची अट अनेक ठिकाणी २१ आहे. इंडियाना, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायनात १८ वर्षांचा मुलगाही पिस्तूल बाळगू शकतो.

ॲरिझोनाचा कायदा लागू होऊन सहा महिने होत नाहीत तोच, ८ जानेवारी २०११ रोजी, टूसॉन येथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला. सहा जण ठार झाले. शेजारच्या दुकानातून एक तरुण आवाजाच्या दिशेने धावत आला. त्याच्या खिशात पिस्तूल होते आणि हात त्यावर होता. समोर त्याला हातात बंदूक धरलेला माणूस दिसला. त्याने स्वतःचे पिस्तूल बाहेर काढले नाही. त्या माणसाला धरले, ढकलले आणि बंदूक टाकायला सांगितले. आजूबाजूचे ओरडले की हा तो नव्हे. मारेकऱ्याला आधीच खाली पाडण्यात आले होते आणि त्याच्याकडून बंदूक हिसकावून घेणाऱ्यालाच हा तरुण मारेकरी समजला होता. क्षणभराच्या संयमाने एक निरपराध जीव वाचला. सशस्त्र नागरिक गोळीबार थांबवील, या युक्तिवादाला प्रत्यक्ष जागी किती अडचणी असतात हे या प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके आकडेवारीत दिसत नाही.

टेक्ससमध्ये नेमके काय गेले हे पाहण्यासारखे आहे. तिथल्या परवान्यासाठी ४० डॉलर शुल्क, बोटांचे ठसे आणि चार ते सहा तासांचा वर्ग असतो. वर्गात कायदा, भांडण मिटवण्याची रीत आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती शिकवतात. मग नेमबाजीची परीक्षा: ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की उत्तीर्ण. ही काही कठीण परीक्षा नव्हे. तीदेखील १ सप्टेंबर २०२१ पासून ऐच्छिक झाली. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सान अँटोनिओतल्या अलामो या ऐतिहासिक गढीत समारंभ करून या कायद्याचा गाजावाजा केला. टेक्ससमधल्याच एल पासो शहरात वॉलमार्ट दुकानात झालेल्या हत्याकांडाला त्या समारंभाच्या वेळी दोन वर्षेही झाली नव्हती. मारहाण किंवा धमकी अशा काही गुन्ह्यांत मागील पाच वर्षांत दोषी ठरलेल्याला हा कायदा सवलत देत नाही. पण तो दोषी आहे की नाही हे आधी पाहणारे कोणी उरलेले नाही. कळते ते पकडले गेल्यावर.

भार मग दुसऱ्यांवर पडतो. टेक्ससमधील दुकानदाराला आपल्या दुकानात कोणतेच पिस्तूल नको असेल, तर दंडसंहितेच्या ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ या तीन कलमांच्या तीन पाट्या दाराशी लावाव्या लागतात: एक परवाना नसलेल्यांसाठी, दुसरी परवानाधारकाच्या लपवलेल्या शस्त्रासाठी, तिसरी उघड शस्त्रासाठी. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरे किमान एक इंच उंचीची, रंग उठून दिसणारे. ज्या मद्यालयाचे ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न तिथेच पिण्यासाठी विकलेल्या दारूचे असते, तिथे लाल रंगात ‘५१%’ लिहिलेली वेगळी पाटी असते, आणि आत शस्त्र नेणे गुन्हा ठरतो. वर्गात बसलेल्याला या पाट्यांचा अर्थ सांगितला जाई. आता तो ज्याने त्याने शोधून काढायचा.

दुसरा भार पोलिसांवर. टेक्ससमध्ये अनेक पोलीसप्रमुखांनी या विधेयकाला विरोध केला; इंडियानात राज्य पोलीस दलाचे प्रमुख डग कार्टर यांनी विधिमंडळासमोर येऊन उघड शब्दांत तो मांडला. रिपब्लिकन विधिमंडळे एरवी पोलिसांच्या पाठीशी असल्याचे सांगतात. या प्रश्नावर त्यांनी पोलिसांचे ऐकले नाही. रात्री गाडी थांबवणाऱ्या शिपायाला आतल्या माणसाकडे शस्त्र आहे का, हे परवान्याच्या नोंदीवरून आधी कळण्याची शक्यता असे. अलास्का आणि नेब्रास्का येथे पोलिसाशी गाठ पडताच शस्त्राची माहिती स्वतःहून देणे बंधनकारक आहे. इतर अनेक राज्यांत तसेही नाही.

घटनेचा हवाला देणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण साथ दिलेली नाही. जून २०२२ च्या ब्रूएन निकालात न्यायालयाने न्यू यॉर्कची मर्जीवर चालणारी परवाना पद्धत घटनाबाह्य ठरवली. पण अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना देणाऱ्या राज्यांच्या पद्धती, ज्यांत पूर्वतपासणी आणि प्रशिक्षण असते, त्या या निकालाने बाद होत नाहीत, असे न्या. क्लॅरेन्स टॉमस यांनी त्याच निकालपत्राच्या तळटीपेत नमूद केले. म्हणजे परवाना काढून टाकणे हा राज्यांचा राजकीय निर्णय आहे. घटनेने तो त्यांच्यावर लादलेला नाही.

परिणामांबद्दल अभ्यासकांत मोठा वाद झाला. जॉन लॉट यांनी १९९८ च्या पुस्तकात शस्त्रवहन सोपे केल्याने गुन्हे घटतात असे मांडले. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार असा कायदा आल्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे एरवीच्या अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक आढळले. हे संशोधन मुख्यतः सुलभ परवान्याच्या कायद्यांवरचे आहे, हे लक्षात ठेवून वाचावे. गाडीत ठेवलेल्या बंदुका चोरीला जाणे हा शस्त्रवहनाच्या धोक्यांतील सर्वांत साधा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा धोका आहे.

परवाना ऐच्छिक झाला तरी पुष्कळ लोक तो आजही काढतात, त्याला कारणे आहेत. संघराज्याच्या कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगणे गुन्हा आहे. त्या राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते, विनापरवाना बाळगणाऱ्याला नाही. शहरात शाळा टाळून दोन मैल गाडी चालवणे जवळपास अशक्य, त्यामुळे राज्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला माणूस संघराज्याच्या कायद्यात सापडू शकतो. सीमा ओलांडून परवाना मागणाऱ्या राज्यात शिरले की विनापरवाना मुभाही संपते. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल सापडल्यास सर्वसाधारणपणे किमान साडेतीन वर्षे तुरुंगवास ठरलेला आहे. प्रवासात गोळ्या काढून, बंदूक कुलपात, हाताशी येणार नाही अशी ठेवली तरच १९८६ चा संघराज्याचा कायदा संरक्षण देतो.

डॅलस, ह्यूस्टन आणि अटलांटा परिसरातील मराठी कुटुंबांना यातील एक तरतूद थेट लागू होते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवण्यास संघराज्याची बंदी आहे. टेक्ससने परवाना ऐच्छिक केला याचा या बंदीवर काहीही परिणाम होत नाही. उल्लंघनाला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि हद्दपारीचा धोका वेगळाच. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवाना अनिवार्य आहे आणि निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तिथून आलेल्या माणसाने दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या ‘इथे परवाना लागत नाही’ या शब्दावर न विसंबता आधी आपल्या व्हिसाची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी.